तीनच्या रकान्यात अठरा

श्रीलक्ष्मीनं तीनच्या रकान्यात अठरा लिहिलं, तेव्हा तिची नजर रुग्णाच्या छातीवर नव्हती, दारावर होती. साडेतीनला भुवना मॅडम निबंध गोळा करायला येणार होत्या आणि तिचं शेवटचं पान अजून कोरं होतं. नाडीचा आकडा तिनं मॉनिटरवरून उतरवला, ऑक्सिजनचा उतरवला, रक्तदाबाचा पट्टा फुगून सैल होईपर्यंत थांबली आणि तोही उतरवला. श्वासाचा आकडा त्या जुन्या मॉनिटरवर येत नसे. तो मोजायचा म्हणजे घड्याळ हातात धरून खाटेशी उभं राहायचं आणि छाती वरखाली होताना पुरतं एक मिनिट बघायची. एकच्या रकान्यात अठरा होतं, दोनच्या रकान्यातही होतं. तिनं खाली आणखी एक अठरा लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

“अगो, जेवलीस कीं नाही?” खाटेपलीकडच्या स्टुलावरून राजम मामींनी विचारलं.

“जेवले, मामी.”

ती जेवली नव्हती. डबा अजून कपाटात तसाच होता.

खाटेवर अनिरुद्धराव डोळे मिटून पडले होते. वय बहात्तर. पापनाशमला पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात रुजलेल्या मराठी घराण्यातले. न्यूमोनियानं आजारी पडून तीन दिवसांपूर्वी दाखल झाले होते. आयसीयूत ठेवावं इतके ते अत्यवस्थ नव्हते आणि साध्या वॉर्डात ठेवावं इतके बरेही नव्हते, म्हणून त्यांना या मधल्या, सहा खाटांच्या विभागात आणलेलं. इथं दर तासाला नोंद व्हायची. पहिल्या दिवशी राजम मामींनी नवऱ्याशी बोललेलं एक वाक्य श्रीलक्ष्मीच्या कानावर पडलं आणि ती आपोआप मराठीत उत्तर देऊन गेली. मामींच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिलाही बरं वाटलं होतं. तिच्या घरी नवऱ्याशी अर्धं मराठी, अर्धं तमिळ चालायचं आणि मुलगी तर सगळं समजून घेऊन उत्तर तमिळमध्येच द्यायची. आईच्या माघारी ती भाषा अशी कुणी तिच्याशी बोललंच नव्हतं.

“श्रीलक्ष्मी,” अनिरुद्धरावांनी डोळे न उघडताच हाक मारली. “दम भरतो ग.”

“बोलूं नका, मामा. निजा बघू निवांत.”

तिनं खाटेचं हँडल फिरवून उशाकडची बाजू चार बोटं वर केली, त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि टेबलाशी येऊन बसली. निबंधाचा विषय होता, रुग्ण खालावू लागल्याची पहिली लक्षणं. सुवाच्य इंग्रजीत तिनं लिहिलं की नाडी आणि रक्तदाब बिघडण्याच्या कितीतरी आधी श्वासाचा वेग बदलतो आणि नेमकी तीच नोंद सर्वांत हलगर्जीपणानं ठेवली जाते. हे वाक्य भुवना मॅडमनी वर्गात तीनदा सांगितलं होतं. परीक्षेला येणारच, असंही सांगितलं होतं.

बेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा शिकायला बसली होती. एकोणीस वर्षं नोकरी झाल्यावर, अत्यवस्थ रुग्णांच्या शुश्रूषेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. अकरा जणांच्या वर्गात बाकीचे दहा पंचविशीच्या आतबाहेरचे. वॉर्डात कुणाची शीर सापडली नाही की ही पोरं “अक्का” म्हणून तिच्याकडे धावत येत. वर्गात मात्र तिचं इंग्रजी अडखळे, गणितं चुकत. पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण तिचे होते. ते फळ्याशेजारी लावलेल्या यादीत आठवडाभर होते आणि आठवडाभर ती वर्गात शेवटी शिरून सर्वांत आधी बाहेर पडत होती. म्हणून या निबंधावर तिनं चार दिवस घालवले होते. हा निबंध तिला चांगला व्हायला हवा होता.

साडेतीनला तो तिनं मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, “सिस्टर, छान.”

चारच्या नोंदी नित्यानं घेतल्या. नित्या तिच्याच वर्गातली, कालव्याकाठच्या एका खेड्यातून रोज बसनं येणारी, कमी बोलणारी मुलगी. श्रीलक्ष्मी टेबलाशी औषधांचे कागद लावत होती. मान वर केली तेव्हा नित्या अनिरुद्धरावांच्या खाटेशी घड्याळ धरून उभी होती. थोड्या वेळानं पुन्हा वर पाहिलं, तरी नित्या तशीच उभी.

“अक्का,” नित्या तमिळमध्ये म्हणाली, “अडतीस येताहेत.”

“परत मोज.”

“दोनदा मोजले.”

श्रीलक्ष्मी उठली. खाटेशी गेली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्यांच्या छातीकडे पाहिलं. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या. प्रत्येक श्वासाबरोबर गळपट्टीच्या हाडावरचा खळगा आत ओढला जात होता. ओठ कोरडे पडले होते आणि माणूस झोपेत नव्हता, ग्लानीत होता. एकोणीस वर्षांच्या सरावाला हे समजायला एक क्षण पुरला. इतकी दमछाक तासाभरात होत नाही. हे दुपारी बारापासून चाललेलं असणार.

डॉक्टर नटराज जिना चढून धावतच आले. तेहेतीस-चौतीस वर्षांचा, चष्मेवाला, सिस्टर लोकांशी नेहमी अदबीनं बोलणारा तरुण. त्यांनी छाती तपासली, ऑक्सिजन वाढवायला सांगितला आणि खाटेच्या पायथ्याचा तक्ता उचलला. त्यांचं बोट रकान्यांवरून खाली सरकत गेलं.

“तीनला अठरा. चारला अडतीस.” ते थांबले. “एका तासात? मग ही न्यूमोनियाची वाढ नाही. फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेली असणार.”

त्यांनी तक्त्यामागचा रक्ततपासणीचा कागद उलटून पाहिला.

“शिरेतून डायचं औषध सोडून स्कॅन करावा लागेल. यांची किडनी आधीच कमजोर आहे, डायचा धोका आहे. पण गुठळी असेल तर थांबून चालणार नाही.” त्यांनी तक्ता श्रीलक्ष्मीपुढे धरला. त्या आकड्यावर अंगठा ठेवला. “अक्का, तीनचे श्वास तुम्ही स्वतः मोजलेत ना?”

खाटेच्या त्या बाजूला नित्या होती. तिनं मान वर केली नाही; ती ऑक्सिजनच्या नळीचा पीळ सोडवत होती. भिंतीशी राजम मामी दोन्ही हात छातीशी घेऊन उभ्या होत्या. त्यांना तमिळ समजत होतं, पण हे सगळं कशाबद्दल चाललंय ते समजलेलं दिसत नव्हतं. श्रीलक्ष्मीला आठवलं, मामा म्हणाले होते, दम भरतो. ते मराठीत म्हणाले होते. साऱ्या विभागात ते कळणारी कर्मचारी ती एकटी होती, आणि तिनं ते कुठंही लिहिलं नव्हतं.

“हो, डॉक्टर,” ती म्हणाली.

स्कॅनमध्ये गुठळी निघाली नाही. डाव्या फुफ्फुसाचा न्यूमोनिया उजव्यातही पसरला होता, इतकंच. त्या संध्याकाळी अनिरुद्धरावांना आयसीयूत नेऊन व्हेंटिलेटरवर ठेवलं. औषधं बदलली. ती लागू पडली, ताप उतरला. पण तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, चौथ्या दिवशी जवळजवळ थांबली आणि पाचव्या दिवशी डायलिसिस सुरू करावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून श्रीलक्ष्मी प्रत्येक रुग्णाचे श्वास पुरतं एक मिनिट मोजू लागली. बावीस येत, चौदा येत, सव्वीस येत, एकोणीस येत. आठवडा झाला, अठरा एकदाही आलं नाही. प्रत्येक वेळी आकडा लिहिताना तिच्या मानेवर घाम येई, जणू मागं कुणी उभं राहून बघत आहे.

नित्या काही बोलली नाही. तिला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हे श्रीलक्ष्मीला ओळखता येईना. दोघी पूर्वीसारख्याच कँटीनमध्ये शेजारी बसत. एकदा नित्यानं आपल्या डब्यातला चिंचभात अर्धा तिच्या ताटात वाढला, नेहमीसारखा. श्रीलक्ष्मीनं तो तसाच ताटात ठेवला. नित्यानं उघड दोष दिला असता तर तिला ते सोपं गेलं असतं.

सर्वांत अवघड होत्या राजम मामी. त्या आयसीयूबाहेरच्या बाकावर दिवसभर बसत आणि श्रीलक्ष्मी दिसली की हात धरून शेजारी बसवून घेत. बंगळूरहून मुलगा आला, त्याला त्यांनी सांगितलं, “ही आपली श्रीलक्ष्मी. ही होती म्हणून मज धैर्य होतं बघ.” कुंभकोणमहून नणंद आली, तिलाही तेच. गल्लीतले शेजारी सेतुराम आले, त्यांनाही. एका सकाळी मामींनी स्टीलचा छोटा डबा तिच्या हातात कोंबला. आत तुपात भाजलेल्या रव्याची सोजी होती.

“तुझ्यासाठीं केलं. तू बारीक झालीस ग.”

“मामी, नको.”

“नको काय? माझी पोर असतीस तर नको म्हणाली असतीस?”

श्रीलक्ष्मीनं डबा घेतला. घरी नेला. मुलीनं तो उघडला, बोट लावून चाखलं आणि तमिळमध्ये ओरडली, “अम्मा, किती छान!” श्रीलक्ष्मी स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रिकामं पातेलं घासत राहिली. रात्रीच्या जेवणाला तिचा नवरा मुरलीकृष्ण म्हणाला, “अंगांत कणकण आहे का तुझ्या? चेहरा उतरलाय.” ती म्हणाली, परीक्षा जवळ आलीय. खोटं बोलणं किती सहज जमतं, हे तिला या आठवड्यातच कळत होतं. एकदा हो म्हटलं की पुढची सगळी वाक्यं आपोआप जुळत जातात.

सातव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. आठव्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहाला, त्या केसवर चर्चा ठेवली होती.

सभागृहात तीसेक माणसं होती. पुढं डॉक्टर, मागं वर्गातले विद्यार्थी, कडेच्या खुर्चीवर मेट्रन जयलक्ष्मी. भुवना मॅडमनी दिवे मंद केले आणि पडद्यावर तक्ता लावला. श्रीलक्ष्मीनं आपलं अक्षर इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. बारा, एक, दोन, तीन. एकाखाली एक चार अठरा, चारही सारखे, एका साच्यातून काढल्यासारखे. खाली नित्याच्या बारीक अक्षरात अडतीस.

डॉक्टर नटराज उठले. त्यांनी घटनाक्रम सांगितला आणि मग हातातला कागद खाली ठेवला.

“यात चूक माझी आहे,” ते म्हणाले. “किडनीचं माहीत असूनही मी डाय दिला. आधी हृदयाचा इको करता आला असता, पायांचा स्कॅन करता आला असता. एका तासात वीसनं वाढ पाहिली आणि मी घाबरलो. माझ्यामुळे आज त्या माणसाला डायलिसिस करावं लागतंय.”

त्यांचे कान लाल झाले होते. पुढच्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, “समोर जी माहिती होती तिच्यावर घेतलेला निर्णय होता, नटराज. तो आकडा बघून मीही तेच केलं असतं.”

“तरीही, सर,” नटराज म्हणाले. “आठ दिवस मला झोप नाही.”

भुवना मॅडम विद्यार्थ्यांकडे वळल्या. “पण एक गोष्ट लक्षात घ्या. नोंदी वेळच्या वेळी होत्या, म्हणून बदल लगेच ध्यानात आला. नित्या आणि श्रीलक्ष्मी सिस्टर, दोघींचं काम—”

खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. आपण उभ्या राहिलो आहोत हे श्रीलक्ष्मीला त्या आवाजावरून कळलं.

“ते आकडे माझे आहेत,” ती म्हणाली. इंग्रजीत सुरू केलेलं वाक्य तिला पुढं नेता येईना. ती तमिळवर आली. “मी मोजले नव्हते.”

“कोणता?” भुवना मॅडमनी विचारलं. “तीनचा?”

“चारही.”

कुणीतरी दिवे लावले. पडद्यावरचा तक्ता फिका पडला, तरी वाचता येत होता.

“त्यांना दुपारपासून धाप लागत असणार. तीनला त्यांनी मला सांगितलंही, दम लागतो म्हणून. मी झोपा म्हटलं. मी निबंध लिहीत होते.” तिचा आवाज वर गेला नाही, पण पुढच्या खुर्चीची पाठ तिनं घट्ट धरून ठेवली होती. “डॉक्टरांची चूक नाही. त्यांनी मला विचारलं होतं.”

सगळ्यांच्या माना नटराजकडे वळल्या. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा न घालता हातात धरून बसले. ते पडद्याकडेही बघत नव्हते, तिच्याकडेही नाही.

“मी विचारलं होतं,” ते हळूच म्हणाले.

तेवढंच. श्रीलक्ष्मी पुढं कधीही ती सकाळ आठवत बसली की मेट्रननं काय म्हटलं, मॅडमनी काय म्हटलं, हे सगळं मागं पडे आणि हे तीन शब्द तेवढे राहत.

मेट्रन जयलक्ष्मींनी तिला आपल्या खोलीत नेलं. लेखी जबानी घेतली. दोन आठवडे वॉर्डातलं काम बंद, हे सहामाही सत्र पुन्हा, आणि पुढचा निर्णय समितीचा. श्रीलक्ष्मीनं सही केली.

“नातेवाइकांना सांगावं लागेल,” मेट्रन म्हणाल्या. “आज दुपारी डॉक्टर आणि मी मिळून सांगू. नोंदीत त्रुटी राहिली, एवढं.”

“त्रुटी नाही, मॅडम.”

“मग काय म्हणायचं? ‘खोटं लिहिलं’ म्हणू?”

श्रीलक्ष्मीनं खाली पाहिलं. टेबलावरच्या काचेखाली कुठल्या तरी जुन्या परिचारिका दिनाचा फोटो होता. मागच्या रांगेत ती स्वतः होती, एकोणीस वर्षांपूर्वीची, हसत असलेली.

“तुमच्या आधी मला सांगू द्या,” ती म्हणाली. “त्यांच्या बायकोला. मराठीत.”

मेट्रननं जबानीचा कागद फाइलमध्ये ठेवला. “ओरडल्या, रडल्या, तक्रार करायला निघाल्या, तर अडवायचं नाही. आपली बाजू मांडत बसायचं नाही.”

“माझी बाजू नाहीच, मॅडम.”

आयसीयूबाहेरच्या बाकावर राजम मामी एकट्या होत्या. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. त्यांनी पदरानं बाक पुसून तिच्यासाठी जागा केली. श्रीलक्ष्मी बसली नाही.

“मामी, मज तुम्हांस काही सांगायचं आहे.”

“बैस आधीं.”

“उभीच बरी.”

ती सांगू लागली. मराठीत सांगताना तिला एक गोष्ट कळली. या भाषेत तिच्याकडे रुग्णालयातले शब्द नव्हते. नोंद, त्रुटी, निरीक्षण, असलं काही म्हणता येईना. घरातले, आईच्या तोंडचे तेवढे शब्द होते. “मी पाहिलं नाही,” ती म्हणाली. “न पाहतां लिहिलं. मग डॉक्टरांनी पुसलं, तर लटकं बोललें. त्यामुळं त्यांनी ते औषध शिरेंत घालून फोटो काढला. त्यामुळं मामांची किडनी गेली. मी खरं बोललें असतें तर ते औषध दिलंच नसतं.”

राजम मामी ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हलला नाही. मांडीवरच्या पिशवीचा बंद त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. कॉरिडॉरमधून एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत गेला. मामींनी पाय आत घेऊन त्याला वाट दिली.

“न पाहतां लिहिलंस, ते मी पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या.

श्रीलक्ष्मीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“दोन वेळां. तू दाराकडं बघत होतीस आणि हात लिहीत होता. बाकीच्या मुली घड्याळ धरून उभ्या राहतात, ही कां नाही राहत, असं माझ्या मनांत आलं. पुसावं म्हटलं.” बंद बोटाला घट्ट आवळला गेला होता, बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. “मग म्हटलं, ही आपली मुलगी. हिची इतकीं वर्षं गेलीं या कामांत. हिला न पाहतांच कळत असेल. मीच आपली अडाणी.”

श्रीलक्ष्मीचा हात भिंतीकडे गेला.

“त्या दुसऱ्या मुलीनं तसं केलं असतं,” मामी म्हणाल्या, “तर मी पुसलं असतं.”

त्यांनी बोटावरचा बंद सोडला. रडल्या नाहीत. श्रीलक्ष्मी वाट बघत राहिली, शिवीची, शापाची, कशाचीही. मामी समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या.

“मामी, मला क्षमा—”

“मी कोण क्षमा करणार?” त्या पहिल्यांदाच तोडून बोलल्या. “छाती त्यांची. ते जागे आहेत आतां. त्यांस सांग.”

“आत्ता? अशा स्थितींत—”

“आत्ताच. मी सांगणार नाही. मुलासही सांगूं देणार नाही.” त्यांनी पिशवी उचलून पलीकडं ठेवली आणि पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. मग, एखाद्या परक्या सिस्टरला सांगावं तशा तमिळमध्ये म्हणाल्या, “डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. उजवीकडून बोला.”

बोला. गेल्या अकरा दिवसांत मामी तिला पहिल्यांदाच असं म्हणाल्या होत्या.

ती दार ढकलून आत गेली. हात धुतले, मास्क बांधला. अनिरुद्धराव कोपऱ्यातल्या खाटेवर होते, गालफडं बसलेली, डोळे मात्र उघडे. खाटेच्या डाव्या बाजूला मोकळी जागा होती, तिथं एक खुर्चीही ठेवलेली होती. उजवीकडं डायलिसिसचं यंत्र चालू होतं. त्याच्या नळ्यांतून लाल रक्त जात होतं, परत येत होतं. यंत्र आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर फट होती.

अनिरुद्धरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांना ओळख पटली. ओठ हलले.

श्रीलक्ष्मी खुर्चीला वळसा घालून पलीकडं गेली. नळ्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून त्या फटीत शिरली, आणि त्यांच्या उजव्या कानाशी ओणवी झाली.